वाचण्याचा हक्क मान्य, लिहिण्याचा केव्हा?

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिलेल्या एका निकालात, संगणकीय सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच अंगभूत भाग असल्याचे स्पष्ट केले. अ‍ॅसिडहल्ल्यात चेहरा विद्रूप झालेल्या व्यक्ती आणि एक दृष्टिहीन नागरिक यांच्या याचिकांवर हा निर्णय झाला. बँकेत खाते उघडताना ओळख पटविण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून दाखविण्याची अट ज्यांना पाळताच येत नाही, त्यांनी काय करावे, असा साधा पण बिनतोड प्रश्न या याचिकांनी उपस्थित केला होता. न्यायालयाने शासनाला वीस निर्देश दिले. या निकालाचे सर्वत्र स्वागत झाले, ते योग्यच होय. तथापि हक्क जाहीर होणे आणि तो प्रत्यक्ष बजावता येणे या दोन गोष्टींत मोठे अंतर असते, हा आपल्याकडील सामाजिक कायद्यांचा जुना अनुभव आहे. प्रस्तुत प्रकरणी या अंतराचे मूळ न्यायालयात वा मंत्रालयात शोधून सापडणार नाही. संकेतस्थळे ज्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने तयार होतात व चालविली जातात, त्या सॉफ्टवेअरमध्येच ते बऱ्याच अंशी दडलेले आहे.

२०११ च्या जनगणनेत देशातील दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांहून अधिक नोंदली गेली. परीक्षेचे अर्ज आणि निकाल, नोकरीच्या जाहिराती, शासननिर्णय, शिष्यवृत्तीच्या याद्या, वीजबिल, रेल्वेचे आरक्षण ही सारी कामे आता संकेतस्थळांवर होतात. डोळस माणसाला तेथे एखादे पान नीट उमगले नाही, तर तो कार्यालयात जाऊन चौकशी करू शकतो. दृष्टिहीन माणसाला मात्र कार्यालयाचा जिना चढण्यापेक्षा संगणक हा अधिक स्वावलंबी मार्ग ठरावा, अशी अपेक्षा होती. ती अपेक्षा अनाठायी नव्हती. कारण त्यासाठी लागणारे साधन केव्हाच तयार झाले होते.

कानाने वाचणारा वाचक

हे साधन म्हणजे 'स्क्रीन रीडर'. संगणकाच्या पडद्यावरील मजकूर आवाजात वाचून दाखविणारी वा ब्रेल पट्टीवर उमटविणारी ही आज्ञावली होय. अमेरिकेतील टेड हेंटर यांनी १९८९ मध्ये 'जॉज' नावाचा स्क्रीन रीडर बाजारात आणला. हेंटर यांची स्वतःची दृष्टी १९७८ मधील मोटार अपघातात गेली होती. पुढे २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने 'एनव्हीडीए' हा स्क्रीन रीडर लिहावयास घेतला आणि जेम्स तेह हे त्यांचे तितकेच दृष्टिहीन सहकारी त्या कामात सामील झाले. तो विनामूल्य असल्यामुळे भारतासारख्या देशातील विद्यार्थ्यांच्या हाती प्रथमच असे साधन पैशाविना पडले. ही दोन्ही साधने दृष्टिहीनांनी स्वतः घडविली, याची नोंद घेणे अगत्याचे आहे. अंध व्यक्ती ही केवळ सोयीसवलतींची याचक असते, या समजुतीला याहून सडेतोड उत्तर नाही.

स्क्रीन रीडर पानाचे चित्र पाहत नाही. पानामागे जी संकेतभाषा असते, तिच्यात प्रत्येक घटकाची जात, नाव आणि स्थिती नोंदलेली असावी लागते. हे मथळ्याचे अक्षर, हा दुवा, हे बटण, ही नाव लिहावयाची चौकट, अशी ही नोंद असते. ती असेल तर दृष्टिहीन वाचक एक कळ दाबून एका मथळ्यावरून दुसऱ्यावर जातो आणि डोळस माणूस नजर टाकून जितक्या वेळात पान चाळतो, जवळपास तितक्याच वेळात तो ते कानाने चाळतो. नोंद नसेल, तर सारे पान एक सलग, बेशिस्त बडबड होऊन बसते. ठळक व मोठ्या अक्षरांत छापलेली ओळ डोळ्यांना मथळा वाटते. पण तिची 'मथळा' अशी नोंद केलेली नसेल तर कानांना ती चार ओळींतील एक ओळच राहते. बटणासारखे दिसणारे चित्र काढले, पण ते बटण आहे असे सांगितले नाही, तर स्क्रीन रीडरच्या लेखी ते बटण अस्तित्वातच नसते. आणि चित्राखाली त्याचे वर्णन करणारा पर्यायी मजकूर नसेल, तर वाचकाच्या कानी पडते ते केवळ 'चित्र' किंवा एखाद्या फाइलीचे निरर्थक नाव.

यांतील कोणतीही गोष्ट दुःसाध्य नाही. तरीही परिस्थिती काय आहे? 'वेबएम' ही अमेरिकेतील संस्था दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांच्या मुखपृष्ठांची यांत्रिक तपासणी करते. २०१९ मध्ये त्यांपैकी ९७.८ टक्के पृष्ठांवर दोष आढळले होते. २०२५ मध्ये हे प्रमाण ९४.८ टक्के होते. सहा वर्षांत तीन टक्क्यांची सुधारणा, हा वेग कोणालाही अभिमानास्पद वाटू नये. त्यातही यंत्राला दिसतात तेवढेच दोष या मोजणीत येतात.

दोष एकाचा, प्रसार लाखोंचा

लाखो संकेतस्थळांचे चालक एकाच प्रकारच्या चुका करतात, यावरून ते सारेच निष्काळजी आहेत असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु तो खरा नाही. आज बहुतेक संकेतस्थळे कोणी मुळापासून हाताने लिहीत नाही. शाळेचे संकेतस्थळ सांभाळणारा शिक्षक वा नगरपालिकेतील लिपिक तयार सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाइप करतो, छायाचित्र जोडतो आणि 'प्रकाशित करा' हे बटण दाबतो. पानामागील संकेतभाषा ते सॉफ्टवेअर लिहिते. जगातील पाचांपैकी दोनांहून अधिक संकेतस्थळे 'वर्डप्रेस' या एकाच मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर चालतात. टंकाच्या साच्यातच एखादे अक्षर चुकीचे पाडले गेले, तर त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक खिळ्यात आणि त्या खिळ्यांनी छापलेल्या प्रत्येक पुस्तकात ती चूक उतरते. मग प्रत्येक मुद्रकाला शुद्धलेखनाचे धडे देत बसण्यापेक्षा साचा दुरुस्त करणे शहाणपणाचे ठरते.

ही गोष्ट तज्ज्ञांच्या ध्यानात फार पूर्वी आली होती. संकेतस्थळांचे जागतिक मानदंड ठरविणाऱ्या 'डब्ल्यूथ्रीसी' या संस्थेने वाचकांच्या दृष्टीने संकेतस्थळे कशी असावीत याचे नियम प्रथम १९९९ मध्ये प्रसिद्ध केले, आणि पुढल्याच वर्षी, २००० मध्ये, संकेतस्थळे घडविणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी स्वतंत्र नियम केले. त्यांची दुसरी आवृत्ती सप्टेंबर २०१५ मध्ये आली. या नियमांचे दोन भाग आहेत. सॉफ्टवेअरमधून निर्माण होणारा मजकूर दृष्टिहीनांना वाचता यावा, हा एक भाग. दुसरा भाग त्याहून मूलगामी आहे: ते सॉफ्टवेअर स्वतः दृष्टिहीनालाही वापरता यावे. म्हणजेच अंध व्यक्ती हा केवळ वाचक नव्हे. तो लेखक, संपादक व प्रकाशकही असू शकतो, हे गृहीत धरून साधन घडविले जावे. पहिल्या भागाची निदान चर्चा तरी होते. दुसऱ्या भागाकडे मात्र जगभर डोळेझाक झाली आहे, आणि तिचे परिणाम २०१८ साली वर्डप्रेसच्याच बाबतीत उघड झाले.

नियम होता, तरी पाळला गेला नाही

वर्डप्रेसच्या चालकांनी मार्च २०१६ मध्ये असा दंडक जाहीर केला होता की, यापुढे या सॉफ्टवेअरमध्ये समाविष्ट होणारा प्रत्येक नवा वा सुधारित भाग सुगम्यतेच्या जागतिक मानदंडांच्या मधल्या पातळीला उतरलाच पाहिजे. त्यानंतर २०१७ मध्ये मजकूर लिहिण्याच्या भागाची, म्हणजे 'एडिटर'ची, पुनर्रचना हाती घेण्यात आली. मुद्रणकलेचा जनक गटेनबर्ग याचे नाव या नव्या एडिटरला देण्यात आले. जुन्या एडिटरमध्ये कोऱ्या कागदावर लिहावे तसे सलग लिहिता येई. नव्यात प्रत्येक परिच्छेद, चित्र व मथळा हा स्वतंत्र 'ब्लॉक' झाला. माउसने उचलून तो वरखाली हलविता येऊ लागला. आवश्यक ती बटणे ब्लॉकवर नजर व माउस गेला की प्रकट होऊ लागली. डोळस लेखकाला ही रचना आकर्षक वाटली. कळफलक आणि कान यांवरच विसंबणाऱ्या लेखकाला मात्र आपण पानावर नेमके कोठे आहोत हेच समजेनासे झाले.

वर्डप्रेसच्या सुगम्यता पथकाच्या प्रमुख रियान रीटफेल्ड यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये राजीनामा दिला आणि त्याची कारणे जाहीरपणे मांडली. सुगम्यतेचा विचार रचनेच्या आरंभी न होता अखेरीस होतो, आणि नव्या एडिटरचे तांत्रिक स्वरूप असे आहे की पथकातील स्वयंसेवकांना त्यात दुरुस्ती करणे अवघड झाले आहे, हा त्यांच्या तक्रारीचा गाभा होता. त्याच महिन्याच्या अखेरीस पथकाने आपला अहवाल प्रसिद्ध करून, ज्यांना साहाय्यक साधनांची गरज आहे त्यांनी हा एडिटर वापरावा अशी शिफारस आपण करू शकत नाही, असे स्पष्ट सांगितले. बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घेण्याची सूचना पुढे आली होती; पण या प्रकल्पामागील मुख्य कंपनी 'ऑटोमॅटिक' हिने ती सोडून दिली. ६ डिसेंबर २०१८ रोजी नवा एडिटर वर्डप्रेसच्या पाचव्या आवृत्तीत मुख्य एडिटर म्हणून दाखल झाला.

तपासणी अखेर झाली, पण ती करविली 'डब्ल्यूपीकॅम्पस' या संघटनेने. विद्यापीठे व महाविद्यालयांत वर्डप्रेस वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांची ही संघटना. तिने वर्गणी जमविली आणि 'टेनॉन' या संस्थेकडे काम सोपविले. मे २०१९ च्या सुमारास प्रसिद्ध झालेला तिचा अहवाल ३२९ पानांचा होता व त्यात ९१ दोष नोंदविलेले होते. त्यांपैकी अनेक दोष पुढील आवृत्त्यांत दूर करण्यात आले, आणि जुना एडिटर हवा असणाऱ्यांसाठी तो स्वतंत्र प्लगइनच्या रूपाने उपलब्ध ठेवण्यात आला, हेही सांगितले पाहिजे. वर्डप्रेसच्या चालकांच्या मनात दृष्टिहीनांविषयी आकस होता असे कोणी म्हटलेले नाही. दोष प्रक्रियेत होता. दंडक कागदावर होता. पण तो पाळला गेला नाही तर प्रकाशन थांबेल, अशी तरतूद कोठेही नव्हती.

अशी तरतूद अव्यवहार्य असते, हा आक्षेप 'द्रुपल' या दुसऱ्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या उदाहरणाने निकालात निघतो. तेथेही स्वयंसेवकच काम करतात. तेथेही त्याच सुमारास पानाची रचना माउसने करण्याची 'लेआउट बिल्डर' नावाची नवी सोय तयार होत होती. परंतु द्रुपलमध्ये प्रत्येक नव्या भागाला काही ठरावीक कसोट्या ओलांडाव्या लागतात आणि सुगम्यता ही त्यांपैकी एक आहे. मार्च २०१८ मध्ये ही सोय 'प्रायोगिक' म्हणून दाखल झाली आणि कळफलक व स्क्रीन रीडर यांवर चालण्याजोगी करून घेतल्यानंतर मे २०१९ मध्ये तिच्यावर 'स्थिर' असा शिक्का बसला. दोन्हीकडे स्वयंसेवक होते, दोन्हीकडे अडचण सारखीच होती. द्रुपलने दाखलीपूर्वी कसोटी लावली. वर्डप्रेसने दाखलीनंतर दुरुस्ती केली. मधल्या काळाची किंमत दृष्टिहीन लेखकांनी मोजली.

कायद्याचा हात कोणापर्यंत पोहोचतो?

या तपासणीसाठी विद्यापीठांतील कर्मचाऱ्यांनाच पुढाकार का घ्यावा लागला, हा प्रश्न उद्‍बोधक आहे. अमेरिकेत अपंगांशी भेदभाव करणाऱ्या शिक्षणसंस्थेवर कायदेशीर कारवाई होऊ शकते. म्हणजे संकेतस्थळ चालविणारी संस्था कायद्याच्या कक्षेत येते. ती ज्यावर चालते ते सॉफ्टवेअर बनविणारा सहसा येत नाही. जो दोष दुरुस्त करू शकतो तो मोकळा आणि ज्याला तो दुरुस्त करता येत नाही तो जबाबदार, अशी ही उलटी व्यवस्था आहे. तिचा लाभ उठविणारेही निघतात. संकेतस्थळावर एक ओळ चिकटवा की ते आपोआप सुगम्य होईल, अशी जाहिरात करणाऱ्या कंपन्यांचा एक धंदाच उभा राहिला. त्यांतील 'अ‍ॅक्सेसिबी' या कंपनीचे दावे दिशाभूल करणारे असल्याचा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये ठेवला आणि तिला दहा लाख डॉलर भरावयास लावले. मुळातील दोषावर वरवरचा लेप चालत नाही, एवढा बोध त्यातून घ्यावयास हरकत नाही.

भारतात २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा संगणकीय माहिती सर्वांना मिळण्याजोगी असावी असे सांगतो. शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्येच आली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. मात्र सुगम्यतेचे नियम केवळ शिफारसवजा ठेवणे हे मूळ कायद्याशी विसंगत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाला ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुडी प्रकरणातील निकालात सांगावे लागले आणि बंधनकारक नियम करण्यासाठी शासनाला तीन महिन्यांची मुदत द्यावी लागली. 'शक्यतो करावे' अशा भाषेतील नियम सवडीने पाळले जातात, हे न्यायालयाने नेमके हेरले. वर्डप्रेसच्या कहाणीचाही अर्थ याहून वेगळा नाही.

याच कायद्याने शासकीय नोकऱ्यांत चार टक्के जागा दिव्यांगांसाठी राखून ठेवल्या असून त्यांतील एक टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. ही व्यक्ती लिपिक वा शिक्षक म्हणून रुजू होते. कार्यालयाच्या संकेतस्थळावर सूचना चढविण्याचे काम तिच्याकडे येते, आणि त्या सॉफ्टवेअरमधील निम्मी बटणे तिच्या स्क्रीन रीडरला मुकी असतात. मग ते काम शेजारच्या सहकाऱ्याकडे जाते. हळूहळू 'हिला काम जमत नाही' असा शेरा कार्यालयात रूढ होतो. वस्तुतः जमले नाही ते सॉफ्टवेअरला. राखीव जागेचा हक्क अशा रीतीने कायदा न मोडताही पोकळ होऊ शकतो. म्हणूनच वाचकाची सोय पाहून थांबणे पुरेसे नाही.

मराठीची जादा अडचण

मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत या सर्वसाधारण दोषांवर आणखी तीन दोषांची भर पडते. पहिला दोष जुन्या फाँटांचा. युनिकोडपूर्व काळातील फाँटांत टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो. संगणकाच्या लेखी मात्र ती इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची अर्थहीन रांग असते, आणि स्क्रीन रीडर तीच वाचून दाखवितो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून समाविष्ट आहे. त्यामुळे आता ही सबब टिकणारी नाही. दुसरा दोष, छापील कागदाचे छायाचित्र काढून ते 'पीडीएफ' म्हणून चढविण्याचा. सहीशिक्क्यासह कागद दिसतो याचे समाधान कार्यालयाला मिळते. पण त्या छायाचित्रात कानाने वाचण्यासारखे एकही अक्षर नसते. तिसरा दोष अगदी बारीक आहे. पानाची भाषा कोणती, याची नोंद पानामागे करावयाची असते. मजकूर मराठी आणि नोंद इंग्रजी असेल, तर स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज निवडतो आणि देवनागरी मजकूर एक तर विद्रूप करून वाचतो किंवा सरळ गाळतो. एनव्हीडीएसोबत मिळणाऱ्या विनामूल्य वाचायंत्रणेत मराठीची सोय आहे. ती असूनही उपयोगात न येण्याचे कारण पुष्कळदा ही एका शब्दाची नोंद असते.

हे तिन्ही दोष सॉफ्टवेअरला टाळता येण्याजोगे आहेत. युनिकोडेतर मजकूर चिकटविला तर इशारा द्यावा. चित्राचे वर्णन न लिहिता 'प्रकाशित करा' दाबले तर लेखकाला थांबवून विचारावे. भाषेची नोंद स्थापनेच्या वेळीच पक्की करावी. शुद्धलेखनाच्या चुकीखाली लाल रेघ ओढणाऱ्या संगणकाला एवढे करणे जड नाही.

खरेदीदाराची ताकद

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला खर्चाचा. इमारत बांधून झाल्यावर उतरंडीचा रस्ता करण्यासाठी जिना फोडावा लागतो तेव्हा खर्च येतो. नकाशातच तो आखला असता तर त्याची वेगळी आकारणी करावी लागली नसती. दुसरा आक्षेप संख्येचा: एवढ्या थोड्यांसाठी सर्वांचे काम का अडवावे? परंतु मथळ्यांची शिस्त, कळफलकाने चालणारी बटणे व नीट नावे दिलेल्या चौकटी यांचा उपयोग वृद्धांना, हात थरथरणाऱ्यांना आणि मोबाइलच्या लहानशा पडद्यावर अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्यालाही होतो. आणि समजा, झाला नसता, तरी नागरिकाचा हक्क हा बहुमताने ठरविण्याचा विषय नव्हे.

सॉफ्टवेअर बनविणाऱ्या परदेशी कंपन्यांवर येथून कायद्याचा अंमल बसविणे कठीण आहे, हे मान्य केले तरी शासन, विद्यापीठे, महापालिका व बँका हे मोठे ग्राहक आहेत, हे विसरता येत नाही. निविदेत एकच अट घालावी: संकेतस्थळ वाचणे आणि ते चालविणे ही दोन्ही कामे दृष्टिहीन कर्मचाऱ्याने स्वतंत्रपणे करून दाखविल्याखेरीज अखेरचे देयक मंजूर होणार नाही. तपासणीसाठी यंत्रावर विसंबून राहू नये. महाराष्ट्रात स्क्रीन रीडर सफाईने वापरणारे दृष्टिहीन पदवीधर पुष्कळ आहेत, त्यांना हे काम मोबदला देऊन सोपवावे. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या बाबतीत तर दोष कळविण्यास आणि दुरुस्ती पाठविण्यास कोणाचीच आडकाठी नसते. मराठी विद्यापीठांतील संगणकाच्या विद्यार्थ्यांना याहून उपयुक्त प्रकल्प मिळणे अवघड आहे.

न्यायालयाने हक्काची व्याप्ती सांगितली आहे. ती प्रत्यक्षात उतरेल ती सॉफ्टवेअरच्या निविदेत, तपासणीत आणि प्रकाशनाच्या आधी लावलेल्या कसोटीत. दृष्टिहीनांनी स्वतःच्या बुद्धीने वाचण्याचे साधन घडविले, त्याला आता पस्तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. त्यांना लिहिण्याची व प्रकाशित करण्याची वाट मोकळी करून देणे हे उरलेल्या समाजाचे काम आहे, आणि ते आधीच बरेच लांबले आहे.